तीळभर बाजूला

"बंद कर! आधी मशीन बंद कर!"

माझा भाऊ कानांवर जाड मफ चढवून मशीनपाशी उभा होता. त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी हातातली पिशवी तिथेच टाकली, धावत गेले आणि भिंतीवरचं लाल बटण तळहाताने दाबलं. मशीनचं फिरतं टोक दगडातून वर आलं आणि थांबलं. दगडावरचं पाणी तेवढं वाहत राहिलं.

"वेड लागलं का तुला, ताई?" मफ मानेवर ओढत तो म्हणाला. "मधेच थांबवलं की जागा पुन्हा जुळवायला अर्धा तास जातो. माहितीये ना?"

"इथे बघ." मी ओल्या दगडावर बोट ठेवलं. "हा पट्टा इथे वरून गेला. आता पुढे ये. इथेही वरून."

तो वाकला. स्वतःचं बोट ठेवून त्याने पाहिलं, मग मागून सुरुवात करून पुन्हा पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"दोनदा वरून," तो म्हणाला.

आमच्या घरात याहून वाईट वाक्य नाही. 'घर जळालं' हे त्याच्या खालोखाल येईल.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आम्ही दगडावर गुंफण कोरतो. पट्टे पट्ट्यांतून जातात, एकदा वरून, एकदा खालून, पुन्हा वरून, असं अख्ख्या दगडभर. आहे सगळा एकसंध दगडच, पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की टोक धरून ओढलं तर पट्टा सुटून हातात येईल. लहानपणी बाबा आम्हाला डोळे मिटायला लावायचे आणि आमचं बोट दगडावर ठेवून पट्ट्यावरून चालवायचे. वर, खाली, वर, खाली. कुठे दोनदा वर लागलं की म्हणायचे, "वीण सुटली. हा दगड आता फक्त दगड आहे."

हा दगड एका नव्या ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीसाठी होता. गोल, करडा, माणूस आडवा झोपेल एवढा, आणि कुठेही शीर नाही की डाग नाही. तो मिळायला चार महिने लागले होते. दुसरा मिळणार नव्हता. न्यायला गाडी पुढच्या आठवड्यात येणार होती. मी धावत गेले ती एवढ्यासाठीच, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

खरं तर पणाला दुसरंच काहीतरी होतं. गेल्या वर्षापासून बाबांचा हात थरथरतो. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात, आणि आपण बघतोय असं दिसलं तर खाली ठेवून देतात. महिन्याभरापूर्वी माझ्या भावाने जेवताना जाहीर केलं, "बाबा, हे शेवटचं रेखाटन. यापुढे तुम्ही आराम करायचा. ताई कॉम्प्युटरवर काढेल, मी मशीनवर कोरेन." तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे आणि आम्ही त्याला मुकादम म्हणतो. ते त्याला आवडतं, हीच खरी अडचण आहे. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "हा दगड होऊ दे," एवढंच म्हणाले. "मग बघू."

तर तो दगड असा झाला होता.

"मी बाबांना बोलावतो," मुकादम म्हणाला.

"थांब जरा. आधी मला बघू दे कुठे चुकलंय ते."

"कुठे चुकणार? तुझा प्रोग्राम सहा वर्षं चाललाय. मशीन सांगितलं तेवढंच करतं. राहिलं काय?" त्याने आवाज खाली आणला. "मी म्हणत होतो ना, ताई."

तो मागच्या दाराने गेला. कारखान्याच्या मागे अंगण आणि अंगणापलीकडे घर. बाबांना चपला घालून यायला पाच-सात मिनिटं लागतात. मी टेबलावरची दगडाची भुकटी बाहीने पुसली आणि लॅपटॉप उघडला.

बाबा कागदावर फक्त बारीक रेषा काढतात. परकार, गुण्या, फूटपट्टी आणि सुताराची चपटी पेन्सिल. त्या रेषांचे पट्टे करणं हे पूर्वी तीन-तीन आठवड्यांचं काम असायचं. प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना समांतर रेषा काढायच्या, आणि जिथे पट्टा खालून जातो तिथल्या त्याच्या कडा खोडायच्या. खोडायचं काम माझ्याकडे. बालपणातले कितीतरी रविवार मी रबर झिजवण्यात घालवले आहेत, आणि हा प्रोग्राम मी लिहिला तो कलेच्या प्रेमापोटी नव्हे, त्या रविवारांचा सूड म्हणून. आता कागद स्कॅन केला की प्रोग्राम रेषा ओळखतो, त्यांना रुंदी देतो, सगळे छेद शोधतो आणि प्रत्येक रेषेवरून चालत जातो. पहिला छेद वरून, दुसरा खालून, तिसरा वरून. चाळीस सेकंदांत अख्खी गुंफण तयार. बंद फिरणारी रेषा कितीही वेडीवाकडी असो, शेवटी सगळं जुळतंच. कॉलेजात मी हे कागदावर सिद्धही केलं होतं. अट एकच, एका जागी दोनच रेषा भेटायला हव्यात. तीन भेटल्या की तिसरीने कुठून जायचं? तिथे मोजणी चुकते, आणि पुढच्याच छेदाला दोन्ही पट्टे 'मी वर' म्हणून भांडायला लागतात. असं भांडण झालं तर पहिल्याचं ऐक, असं मी प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे तो कधी तक्रार करत नाही. निमूटपणे चूक करतो.

तीन रेषा एका जागी भेटल्या होत्या. एका नव्हे, नऊ जागी. मशीनने त्यातली पहिलीच जागा कोरून पूर्ण केली होती. उरलेल्या आठ अजून कोऱ्या दगडात होत्या.

मी बाबांच्या कागदाचा स्कॅन उघडला. मूळ कागद ग्रंथालयाच्या आर्किटेक्ट बाईंनी आठवण म्हणून मागून नेला होता, त्यामुळे आता तो कागद बघायचा तर जगात एकच जागा होती, माझा स्क्रीन. पहिल्या जागेवर गेले आणि चित्र मोठं करत गेले.

तीन रेषा तिथे भेटत नव्हत्या.

दोन रेषा एकमेकींना छेदत होत्या, आणि तिसरी त्यांच्या शेजारून जात होती. मधे एक इवलासा त्रिकोण उरला होता. मी माप घेतलं. दीड मिलिमीटर. दुसऱ्या जागेवर गेले. दीड. तिसऱ्या. दीड. चौथ्या जागी एक पूर्णांक चार दशांश, पाचव्या जागी पुन्हा दीड. नऊच्या नऊ जागी डावीकडून येणारी रेषा खाली सरकलेली, प्रत्येक वेळी तीच, प्रत्येक वेळी त्याच बाजूला. थरथरणारा हात असा थरथरत नाही.

मग मला आठवलं, मी काय केलं होतं ते. गेल्या आठवड्यात स्कॅन पहिल्यांदा पाहिला तेव्हा रेषांना बारीक कंप दिसला होता. काही जागी त्या एकमेकींच्या जवळून जात होत्या, भेटायच्या राहून गेल्यासारख्या. मला वाटलं, बाबांना बिंदूवर नेम धरता आला नाही. म्हणून मी चार ओळींची सफाई लिहिली: दोन मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले छेद एकच समज. त्या चार ओळी लिहिताना मला बाबांचा फार कळवळा आला होता. त्यांना न दुखवता त्यांचं काम नीटनेटकं करतेय, असं वाटून मी स्वतःवर खूशही झाले होते. मग स्क्रीनवर गुंफण आली, सुंदर दिसली, आणि मी ती मशीनला पाठवून दिली. बोट फिरवून पाहिलं नाही. स्क्रीनवर बोटांचे डाग पडतात ना!

कागदावरचे दीड मिलिमीटर दगडावर पंधरापट होतात. म्हणजे बोटाच्या जाडीहून थोडं जास्तच. तेवढ्या जागेत तिसरा पट्टा मोकळा जातो आणि मधे त्रिकोणी डोळा उरतो. मी ते नऊ डोळे पुसून टाकले होते.

अंगणात चपलांचा आवाज आला.

बाबा आत आले. कानावर पेन्सिल होतीच. कानावर पेन्सिल नसलेले बाबा मी फक्त त्यांच्या लग्नाच्या फोटोत पाहिलेत. मुकादमने फडक्याने दगड कोरडा केला. बाबांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताचं मधलं बोट पट्ट्यावर ठेवलं. हात थरथरत होता, पण बोट पट्ट्यावरून सुटलं नाही. वर. खाली. वर. मग ते बोट त्या ढिगाऱ्यापाशी आलं, जिथे तीन पट्टे एकमेकांवर बसले होते. तिथे ते थांबलं. पुढे सरकलं. वर. पुढे पुन्हा वर.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. बोट मागे आणून त्यांनी तो ढिगारा पुन्हा चाचपला, डोळा असायला हवा होता तिथे.

"तिघी भेटल्या," ते म्हणाले.

"हो, बाबा," मुकादम म्हणाला.

"तीन रेषा भेटायला आल्या की एक तीळभर बाजूला घ्यायची. ही पहिली गोष्ट शिकलो मी. माझ्या वडिलांनी मारून शिकवली." त्यांनी डोळे उघडले आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "मी घेतली होती. मला वाटलं, मी घेतली होती."

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. लॅपटॉप माझ्यासमोर उघडा होता, दीडचा आकडा स्क्रीनवर होता. मी मूग गिळून बसले.

का, ते लपवत नाही. या घरात चूक काढणारी मी आहे. मुकादमचं माप चुकलं की मी त्याला आठवडाभर ऐकवते. सहा वर्षांत माझ्या प्रोग्रामने एक दगड वाया घालवला नव्हता, आणि ते मी कोणाला विसरू दिलं नव्हतं. पण नुसता तोरा असता तरी मी बोलले असते. त्याच्याही खाली आणखी काहीतरी होतं. रेखाटनं माझ्याकडे येणार होती. लहानपणी मला रबर मिळाला, पेन्सिल कधी मिळाली नाही. आता ती आपसूक माझ्याकडे चालत येत होती, मला फक्त गप्प बसायचं होतं. असं काही माझ्या मनात येऊ शकतं याची मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही मी गप्पच होते.

"असू द्या, बाबा," मुकादम म्हणाला. तो वाईट माणूस नाही. त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. वयाने होतं. आर्किटेक्ट बाईंना मी सांगतो काय ते."

"काय सांगणार?"

"सांगतो की... रेखाटनात थोडी गडबड होती."

"खरं ते सांग. माझा हात चुकला म्हण." बाबांनी कानावरची पेन्सिल काढली. ती घेण्यासाठी मुकादमने हात पुढे केला नव्हता, तरी त्यांनी ती त्याच्या शर्टाच्या खिशात खोवली आणि खिशावर दोनदा थोपटलं. "ठेव. घरात ठेवली तर मी उगाच हात लावत बसेन."

मग ते कोपऱ्यातल्या नळाशी गेले. हाताला दगडाची ओली माती लागली होती, ती त्यांनी सावकाश, एकेक बोट चोळून धुतली. मला त्यांची पाठ दिसत होती आणि उजवा कान. कानाच्या मागे पेन्सिलीने पडलेला काळा डाग होता, कित्येक वर्षांचा. तो काही धुऊन गेला नसता.

"तू काढत जा आता," माझ्याकडे न बघता ते मला म्हणाले. "तुझ्या प्रोग्रामचा हात थरथरत नाही."

ते दाराकडे निघाले. उंबऱ्याशी आल्यावर त्यांनी चौकटीला धरलं. ते कधी धरत नसत.

"बाबा, थांबा!"

माझा आवाज एवढा मोठा निघाला की मुकादम दचकला.

"तुम्ही नाही चुकलात. मी चुकले. तुम्ही रेष बाजूला घेतली होती, मी ती परत आणून चिकटवली. मला वाटलं हात हलला. मला वाटलं आता तुम्हाला जमत नाही, म्हणून मी तुमच्या रेषा सरळ केल्या. कोणाला न विचारता. आणि तू!" मी मुकादमकडे वळले, कारण रागाला कुठेतरी जागा हवी होती. "तू लगेच 'वयाने होतं' म्हणून मोकळा! माझी चूक असेल असं एकदा तरी डोक्यात आलं तुझ्या?"

"तूच तर म्हणतेस तुझी चूक नसते," तो म्हणाला.

बाबा उंबऱ्यातच उभे होते. चौकटीवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

"तू सरळ केल्यास?"

"हो."

"मला का नाही विचारलंस?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मला वाटलं, जातात आता. पण ते परत आले, टेबलापाशी आले आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. स्क्रीनकडे त्यांनी आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं. मी पहिली जागा मोठी करून दाखवली. त्यांचीच पेन्सिल, त्यांचीच कापरी रेष, आणि मधे तो इवलासा त्रिकोण.

"किती आहे?"

"दीड मिलिमीटर."

"पुढची दाखव."

मी दाखवली. मग त्यापुढची. प्रत्येक जागी ते आधी चित्र बघायचे आणि मग माझ्या तोंडाकडे, आकडा ऐकायला. दीड. दीड. एक पूर्णांक चार दशांश. मुकादम माझ्या मागे येऊन उभा राहिला होता, त्याचा श्वास मला मानेवर जाणवत होता. सातवी दाखवली. आठवी. नववी.

"दीड," मी म्हणाले.

"सगळीकडे?"

"नऊच्या नऊ जागी, बाबा. एकाच बाजूला."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. उजवा हात त्यांनी गुडघ्यावर उपडा ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. तो थरथरत होता. पहिल्यांदाच त्यांनी तो आमच्यापासून लपवला नाही.

"बाकीचे आठ दुरुस्त होतील?" मुकादमने हळूच विचारलं.

"चार ओळी काढून टाकायच्या आहेत फक्त. दहा मिनिटं. पण तो पहिला कोरून झालाय."

"वर गेलेलं खाली आणता येतं," बाबा हाताकडेच बघत म्हणाले. "खाली गेलेलं वर येत नाही. म्हणून आजूबाजूचं सगळं आणखी खाली न्यायचं. तो कोपरा सहा मिलिमीटर खोल घ्या, उतार देऊन. पट्टा नव्याने वळवून घेऊ." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "छिन्नी मला झेपायची नाही. ती तू धर."

"मी छिन्नी सोडून आठ वर्षं झाली, बाबा."

"मग आज धर. मी रेष देतो, तू रेषेवर राहा. एवढं तरी शिकवलंय तुला."

मुकादमने छिन्न्यांचा डबा शोधून आणला. तो मशीनच्या तेलाच्या डब्यांमागे गेला होता. मी चार ओळी काढल्या, प्रोग्राम पुन्हा चालवला, आणि या वेळी स्क्रीनवर बोट फिरवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नऊ डोळे उघडे होते. स्क्रीनवर डाग पडले ते पडू दिले.

मुकादमने दगड कोरडा केला. बाबा दगडावर वाकले, डावा तळहात टेकवला आणि उजवा हात मागे, मुकादमसमोर पसरला.

"आण ती इकडे."

माझ्या भावाने खिशातली पेन्सिल काढून त्यांच्या हातात ठेवली. बाबांनी मनगट दगडाच्या कडेला टेकवलं आणि रेष ओढायला सुरुवात केली. रेष थरथरतच आली, आम्हा तिघांनाही ती थरथरताना दिसत होती. तीन रेषा जिथे भेटणार होत्या तिथे मात्र ती बोटाच्या जाडीइतकी बाजूला झाली, पलीकडे गेली, आणि बाबांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.